रिसॉर्टच्या गोंडोलात पहिल्यांदा बसताना: दार लागण्यापासून दोराने खाली उतरण्यापर्यंत

गोव्यात नदी ओलांडायची म्हणजे पूल, नाहीतर फेरी. पणजीहून मांडवीवरून रेइश मागूशला रोपवे नेण्याची चर्चा वर्षानुवर्षं चालली आहे, पण बसून बघावा असा रोपवे इथे नाही. त्यामुळे म्हापसा, फोंडा, मडगावकडची कुटुंबं थीम पार्कच्या सहलीला परदेशी जातात, तेव्हा गोंडोलाशी, म्हणजे दोरावरून लटकत जाणाऱ्या बंद केबिनशी, त्यांची पहिली गाठ बहुधा तिथेच पडते. ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये स्कायलाइनर, मलेशियात गेंटिंगला अवाना स्कायवे, व्हिएतनाममध्ये बा ना हिल्स. हा लेख मुख्यतः स्कायलाइनर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. तिथे गोंडोला ही मौजेची राइड नाही, हॉटेलातून पार्कात नेणारी रोजची बिनतिकिटाची वाहतूक आहे, आणि सगळ्या दिवसाचं वेळापत्रक तिच्यावर अवलंबून असतं.

पहिल्यांदा जाणारा दोनच प्रश्न विचारतो. पडणार नाही ना? आणि अडकणार नाही ना? पडणं अत्यंत दुर्मिळ. अडकणं मात्र चार-पाच दिवसांच्या मुक्कामात एकदा तरी होणार असं धरूनच चाला, कारण पडू नये म्हणूनच ती सारखी थांबते. एक हिशेब करून बघा: दिवसाला १५ तास चालणारी सेवा ९९ टक्के वेळ चालू राहिली, तरी उरलेला एक टक्का म्हणजे ९ मिनिटं. ती नऊ मिनिटं नेमकी तुम्ही तळ्याच्या मध्यावर असताना येऊ शकतात.

आधी यंत्र ओळखा

स्कायलाइनर ही एकाच दोराची, सुट्या होणाऱ्या केबिनची गोंडोला आहे. पोलादी दोराचं एक अखंड वेटोळं दोन्ही टोकांच्या प्रचंड चाकांभोवती सतत फिरत असतं. हा दोर केबिनचं वजनही पेलतो आणि तिला ओढतोही. वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. दोन केबिनमध्ये १२ सेकंदांचं अंतर असेल, तर त्या एकमेकींपासून ६० मीटरवर असतात.

केबिन दोराला धरते ती वरच्या ग्रिपने. नवख्याने सगळ्यात आधी समजून घ्यावी ती हीच वस्तू. ग्रिपचा जबडा दणकट स्प्रिंगांच्या जोराने बंद राहतो. धरून ठेवायला वीज लागत नाही, उघडायला जोर लागतो. म्हणून वीज गेली तर केबिन सुटत नाही, जागच्या जागी लटकून राहते. स्टेशनात शिरताना ग्रिपच्या दांडीवरचं चाक एका वाकड्या रुळावर चढतं, दांडी दाबली जाते, जबडा उघडतो आणि केबिन दोरावरून सुटून स्टेशनच्या रुळावर येते. मग वरचे छोटे रबरी टायर तिला रेटत रेटत वेग चालण्यापेक्षाही कमी करतात. तुम्ही चढल्यावर तेच टायर तिला पुन्हा दोराच्या वेगाला आणतात आणि जबडा मिटतो. लगेच पुढे स्प्रिंगचा जोर मोजणारं उपकरण असतं, आणि जबडा पूर्ण मिटला की नाही हे बघणारा गेज. दोन्हींपैकी एकाने जरी नापास केलं, तर ती केबिन स्टेशनाबाहेर पडायच्या आत सगळी लाइन थांबते. एका ग्रिपसाठी शंभर केबिन खोळंबतात, आणि ते तसंच असायला हवं.

दोराबद्दल लोकांना उगाच धास्ती असते. अशा मार्गांवर तो साधारण ४० ते ५५ मिलिमीटर जाडीचा असतो, सहा पेडांचा, आणि कमाल ताणाच्या चार-पाच पट जोर लावल्याशिवाय तुटणार नाही अशा हिशेबाने निवडलेला. वेटोळं अखंड करायला त्याला गाठ मारत नाहीत. रापणीचा दोर किंवा होडीचा दोरखंड जोडताना पेड उलगडून एकमेकांत विणतात ना, तेच काम इथे पोलादाचं. जोडाची लांबी दोराच्या जाडीच्या १२०० पट ठेवतात. ५० मिलिमीटरच्या दोराला ६० मीटर. आतली तुटकी तार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दोर ठरावीक मुदतीने चुंबकीय तपासणीच्या यंत्रातून फिरवतात.

मनोऱ्यांवर दोर चाकांच्या रांगेवरून जातो. तो चाकावरून घसरलाच, तर तिथली ठिसूळ दांडी मोडते, तिच्यातून जाणारं सर्किट तुटतं आणि लाइन थांबते. मोटर बिघडली, तर डिझेलवर चालणारं पर्यायी इंजिन असतं. ब्रेक दोन: एक मोटरच्या बाजूला, दुसरा थेट मोठ्या चाकावर.

या सगळ्यामागचा नियम एकच: सर्किट तुटलं की थांब. त्यामुळे खोटे थांबेही होतात. एखाद्या जोडणीत पावसाचं पाणी शिरलं, तर यंत्राच्या लेखी ती मोडलेली दांडीच. पाऊस संपल्यावरही गोंडोला मध्येच अडखळते त्याचं हे एक नेहमीचं कारण.

पायरी १: निघण्याआधी

त्या दिवशी वेळेला बांधलेलं काय आहे ते आधी बघा. आगाऊ घेतलेलं जेवणाचं टेबल, एखादा शो, विमान. अशा वेळी गोंडोलाच्या नुसत्या प्रवासाला लागतो त्याच्यावर ४५ मिनिटं जादा धरा. विमान असेल तर गोंडोला नकोच, रस्त्याने जा. स्कायलाइनर बंद पडली तर रिसॉर्ट बस सोडतं, पण हजारो माणसं एकदम बसथांब्यावर येतात तेव्हा काय होतं, हे पणजीच्या कदंब स्टँडवर चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

आभाळ बघा. ऑर्लँडोत उन्हाळ्याच्या दुपारी, विशेषतः जून ते सप्टेंबर, आपल्याकडे मे अखेरीस येतो तसा गडगडाटी पाऊस येतो: सकाळी लख्ख ऊन, दोन-तीनला मळभ, मग विजा. वीज जवळ आली की आधी नव्या माणसांना चढवणं बंद होतं, मग वाटेतल्या केबिन आत घेतात, मग लाइन थांबते. लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर. १५ सेकंद म्हणजे ५ किलोमीटर. असं असताना रांगेत शिरण्यात अर्थ नाही. वाऱ्याची मर्यादा प्रत्येक मार्गाची वेगळी. एका दोराच्या गोंडोला साधारण ताशी ६०-७० किलोमीटरच्या आसपास थांबवाव्या लागतात. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. शिवाय दरवर्षी देखभालीसाठी काही दिवस सेवा बंद असते. त्या तारखा आधी जाहीर होतात, हॉटेल ठरवण्याआधी बघून घ्या.

पिशवीत काय असावं: माणशी अर्धा लिटर पाणी, कोरडा खाऊ, मधुमेहाची गोळी घेणाऱ्यासाठी काहीतरी गोड, लहान बाळ असेल तर एक डायपर आणि एक रिकामी प्लास्टिकची पिशवी. हातपंखा नक्की घ्या. स्कायलाइनरच्या केबिनला एसी नाही. जाळीदार खिडक्यांतून वारा आरपार जातो तो केबिन चालू असेपर्यंत. उन्हात थांबली की आत मे महिन्यातल्या बंद गाडीसारखं व्हायला लागतं.

आणि शौचालय. आजी-आजोबा आणि मुलं यांना स्टेशनात शिरण्याआधी नेऊन आणा, "आत्ता नको" म्हणाले तरी.

कपड्यांचं एक सांगायला हवं, आपल्याकडे कोणी सांगत नाही म्हणून. खाली उतरवायची वेळ आली, तर पट्ट्यांचा हार्नेस दोन मांड्यांमधून घालतात. साडीत ते फार अवघड जातं. सलवार किंवा पँट बरी. चपलेला मागून पट्टा असावा.

पायरी २: फलाटावर

रांग बघून घाबरू नका, हिशेब करा. तुमच्या पुढे २०० माणसं, एका केबिनमध्ये सरासरी आठ, दर १२ सेकंदांनी एक केबिन: २५ केबिन, ५ मिनिटं. हलत्या रांगेत हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. रांग हललीच नाही, तर लाइन थांबली आहे, आणि किती वेळ ते कर्मचाऱ्यालाही लगेच माहीत नसतं. दहा मिनिटं रांग जागची हलली नाही, तर बस धरा.

केबिनमध्ये दहा माणसांची जागा असते. चढताना केबिन हळू सरकत असते. तिच्या बाजूने एक-दोन पावलं चालत, आधी मोठ्याने पाय ठेवायचा, मग मुलाला हात द्यायचा. मुलाला पुढे ढकलून मागून धावणं हीच नेहमीची चूक: मूल आत, आईबाबा बाहेर, आणि कर्मचाऱ्याला लाल बटण दाबावं लागतं. पिशवी आधी आत टाकून मागून चढणं हे त्याचंच भावंड. एकेरी स्ट्रोलर (बाबागाडी) बहुधा न मिटता बसतं. मोठं असेल तर मिटवून घ्या. व्हीलचेअर असेल किंवा सरकत्या केबिनमध्ये चढायला भीती वाटत असेल, तर तसं सांगा. स्कायलाइनरच्या स्टेशनांवर त्यासाठी बाजूला वेगळा रूळ आहे, तिथे केबिन पूर्ण थांबते. गुडघे दुखणाऱ्या आजींनी यात संकोच करू नये. चढताना पडलं की लाइन त्याहून जास्त वेळ थांबते.

कुठे उतरायचं ते आधी ठरवा. तीन मार्ग आहेत आणि ते कॅरिबियन बीच स्टेशनावर मिळतात. पॉप सेंच्युरी किंवा आर्ट ऑफ ॲनिमेशन या हॉटेलांतून येणाऱ्यांनी तिथे उतरून केबिन बदलायची. एपकॉट या पार्कच्या वाटेवर रिव्हिएरा स्टेशन लागतं, तिथे दारं उघडली तरी बसून राहायचं. त्यानंतर एका वळणाच्या स्टेशनातून केबिन जाते, तिथे चढउतार नाही. एपकॉटला तुम्ही मुख्य दाराने न जाता मागच्या दाराने आत जाता, हे भेटीची जागा ठरवताना लक्षात ठेवा.

पायरी ३: आत बसल्यावर

दार लागलं की आतल्या बाजूला केबिनचा नंबर शोधा आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा. मदत मागायची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच येतो. संपर्काचं बटण कुठे आहे, आसनाखाली आपत्कालीन सामानाची पेटी कुठे आहे, तेही बघा. पेटी उघडू नका. दार आतून उघडत नाही, त्याच्याशी मुलांना खेळू देऊ नका.

मनोऱ्यावरून जाताना खडखड होते आणि केबिन किंचित उचलल्यासारखी वाटते: ग्रिप चाकांवरून जात असते. स्टेशन सोडताना एक हिसका बसतो, तो टायरांनी दिलेला वेग. ब्रेक लागला की केबिन पुढे-मागे झुलते आणि दोर वर-खाली होतो, तो अर्ध्या-एक मिनिटात शांत होतो. हे सगळे नेहमीचे आवाज आणि धक्के. न चुकता कळवावं असं म्हणजे दार पूर्ण न लागणं, काही जळल्याचा वास, किंवा केबिन एका बाजूला कलती राहणं.

उंचीची भीती असेल, तर केबिन जाते त्या दिशेला तोंड करून बसा आणि पुढच्या मनोऱ्याकडे बघा. खाली बघितलं की पोटात गोळा येतो.

पायरी ४: थांबली तर

पहिली दोन मिनिटं: काही करू नका. स्टेशनात चढताना कोणीतरी पडलं असेल, स्ट्रोलर अडकलं असेल. बहुतेक थांबे एवढ्यातच सुटतात.

दोन ते पंधरा मिनिटं: एखाद्या सेन्सरने लाइन थांबवली आहे आणि माणूस जाऊन बघतो आहे. न बघता चालू करायची परवानगी त्यांना नसते. मनोरा लांब असेल तर त्याला तिथवर जायलाही वेळ लागतो. घोषणा इंग्रजीत येतील, घरातल्या ज्याचं इंग्रजी बरं त्याने ऐकाव्यात, बाकीच्यांनी गप्प राहावं. उन्हाच्या बाजूला बसलेल्यांनी सावलीच्या बाजूला सरका, पण सगळे एकदम उठू नका. पाणी घोट-घोट.

पंधरा मिनिटांनंतर: केबिन अगदी हळू हलू लागली, तर ती चांगली खूण आहे. डिझेलवर लाइन रिकामी करायला घेतली आहे. हा वेग सेकंदाला पाऊण मीटर धरला, तर दीड किलोमीटरचं अंतर, जे एरवी ५ मिनिटांत जातं, त्याला सुमारे ३३ मिनिटं लागतात. मध्ये मध्ये थांबेल. फोनची बॅटरी राखून ठेवा, व्हिडिओ काढत बसू नका. छातीत दुखणं, भोवळ, दम लागणं, बाळाने रडणं थांबवून मलूल पडणं: असं काही असेल तर बटण दाबून केबिनचा नंबर आणि एवढंच सांगा. आजारी माणूस असलेली केबिन कुठे आहे हे कळलं, तर सोडवणारे आधी तिथे येतात.

दार ढकलणं, खिडकीची जाळी काढायला बघणं, केबिन हलवून "चालू होते का" बघणं, यांतलं काहीही करू नका. जमिनीपासून दहा मीटर वरून मारलेली उडी जीवघेणी असते, आणि अडकलेली केबिन कधीही चालू होऊ शकते.

पायरी ५: दोराने किंवा शिडीने उतरवायची वेळ आली तर

यंत्र हललंच नाही तरच हे करतात. खाली रस्ता असेल तिथे अग्निशमनाची शिडीची गाडी येते, तळं असेल तिथे खाली बोट लागते, आणि कुठेच काही पोचत नसेल तिथे माणूस मनोऱ्यावरून दोरावर छोट्या कप्पीने सरकत तुमच्या केबिनच्या छतावर येतो. दार बाहेरून उघडतो. एकेकाला त्रिकोणी हार्नेस घालतो आणि दोराने खाली सोडतो.

तुमचं काम थोडंच आहे. चष्मा आणि फोन खिशात, मंगळसूत्र-साखळी कपड्याच्या आत. पिशव्या केबिनमध्येच राहतात, नंतर मिळतात. त्यांच्यासाठी वाद घालू नका. क्रम तो ठरवेल. तो सांगेपर्यंत दारापासून दूर बसा. बाहेर निघताना त्याला मिठी मारायचा मोह होतो, तो टाळा, त्याचे हात मोकळे हवेत. हार्नेसचा वरचा पट्टा धरा, दाराच्या चौकटीला धरून राहू नका, गुडघे थोडे वाकवा. खाली पाय टेकले की दोन पावलं बाजूला व्हा, पुढचा माणूस तिथेच उतरणार असतो.

एकदा काय झालं होतं

स्कायलाइनर २९ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाली आणि सहाच दिवसांनी, ५ ऑक्टोबरच्या रात्री, रिव्हिएरा स्टेशनात केबिन एकमेकींवर आदळून साचल्या. एपकॉटचा मार्ग थांबला. माणसं सुमारे तीन तास अंधारात लटकून राहिली, काहींना अग्निशमन दलाने उतरवलं. कोणाचा जीव गेला नाही. सेवा १४ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली.

स्टेशनात असं का होऊ शकतं, हे वरच्या वर्णनावरून कळेल. दोरावर केबिनमधलं अंतर बदलत नाही. स्टेशनात मात्र त्या दोरावरून सुटलेल्या असतात आणि अंतर फक्त टायर राखतात. एक केबिन अडली, तर पुढच्या बाराव्या सेकंदाला मागची येऊन ठेपते. म्हणून फलाटावर सरकत्या केबिनजवळ फोटोसाठी रेंगाळू नका, उतरलात की लगेच पिवळ्या रेषेबाहेर व्हा.

आपल्याकडचा किंवा दुसरा कुठला रोपवे असेल तर

सगळे रोपवे एका जातीचे नसतात. रायगडावरचा दोन बाजूंनी वर-खाली होणारा आहे: एका बाजूचे डबे चढतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे उतरतात. पेलणारा दोर वेगळा, ओढणारा वेगळा. या जातीत ओढणारा दोर तुटला तर पेलणाऱ्या दोराला धरणारा ब्रेक हा शेवटचा आधार असतो. इटलीत मोत्तारोने इथे २३ मे २०२१ ला ओढणारा दोर तुटला आणि १४ माणसं गेली, कारण सारखा लागून त्रास देणारा हा ब्रेक लोखंडी चिमटा लावून निकामी करून ठेवला होता. सेवा अडखळू नये म्हणून सुरक्षेचं उपकरण बंद करणं, या धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप तेच.

बाहेरची कारणंही असतात. सिंगापुरात २९ जानेवारी १९८३ ला सेंटोसाच्या केबल कारच्या दोराला तेलविहिरी खणणाऱ्या जहाजाचा मनोरा अडकला, ७ जण गेले. गुलमर्गला २५ जून २०१७ ला वाऱ्याने उन्मळलेलं झाड दोरावर पडलं, तिथेही ७. झारखंडात देवघरजवळ त्रिकूटच्या रोपवेवर १० एप्रिल २०२२ ला अपघात झाला. सुटकेला चाळीसहून अधिक तास लागले आणि तीन मृत्यूंपैकी दोन हेलिकॉप्टरने सोडवताना झाले. त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना रोपवेंची सुरक्षा तपासणी करायला सांगितलं.

तिकीट काढण्याआधी पाच मिनिटं स्टेशनाजवळ उभं राहून बघा. प्रत्येक डब्यावर किती माणसं आणि किती किलो याची पाटी आहे का, आणि ती पाळली जाते का? बटणापाशी बसलेला माणूस फलाटाकडे बघतोय की मोबाइलकडे? मार्गाखाली फांद्या दोराच्या जवळ आल्यात का? ढग गडगडत असताना माणसं चढवताहेत का? अडकलेल्यांना उतरवायची व्यवस्था काय, असं विचारलं तर सरळ उत्तर मिळतं की नुसतं हसू? एखादं दार सुतळीने किंवा तारेने बांधलेलं दिसलं, तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील, पायऱ्यांनी चढा.